घरचं उत्पन्न, अन्नसुरक्षा आणि लहान मुलांची वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या, त्यातही पहिल्या दोन वर्षांच्या मुलांबद्दल पालक आणि कार्यकर्ते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं आहेत. वजन-उंचीचे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार आहेत. मूल आजारी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, आकडे नंतर पाहा.

उत्पन्न घटलं की मुलाच्या वाढीवर परिणाम कधी दिसतो?

वजनावर काही आठवड्यांत, उंचीवर काही महिन्यांनी. पण परिणामाची सुरुवात त्याच्या बरीच आधी झालेली असते. पैसे कमी पडू लागले की घरातली मोठी माणसं आधी स्वतःचं खाणं आखडतात, आणि त्यातही आई सर्वांत आधी. त्यामुळे मूल रोज पोटभर खाताना दिसतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या ताटलीतून अंडी, दूध, डाळी, मांस-मासे, फळं आणि भाज्या एकेक करून निघून गेलेल्या असतात आणि उरलेलं असतं ते धान्य. धान्याने पोट भरतं, पण हाडांची वाढ व्हायला लागणारं जस्त, चांगल्या प्रतीची प्रथिनं आणि रक्ताला लागणारं लोह त्यातून पुरेसं मिळत नाही. मूल भुकेलं नाही म्हणून त्याची वाढ सुरक्षित आहे असं धरून चालणं, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक.

अन्नसुरक्षा म्हणजे घरात धान्य भरलेलं असणं का?

तो तिचा एक चतुर्थांश भाग झाला. १९९६ च्या जागतिक अन्न शिखर परिषदेनंतर अन्नसुरक्षेचे चार पाय मानले जातात: अन्न उपलब्ध असणं, ते मिळवण्याची ऐपत असणं, शरीराला त्याचा उपयोग करून घेता येणं आणि या तिन्ही गोष्टी बारमाही टिकणं. बाजारात अन्न आहे पण हातात पैसे नाहीत, तर दुसरा पाय लंगडा. पैसे आहेत, अन्न आहे, पण मुलाला महिन्याला दोनदा जुलाब होतात, तर तिसरा. आणि वर्षातले नऊ महिने सगळं व्यवस्थित असून तीन महिने ओढाताण होत असेल, तर चौथा.

लहान मुलांच्या बाबतीत या चौथ्या पायाकडे फार दुर्लक्ष होतं. मोठ्या माणसाने तीन महिने कमी खाल्लं तर तो बारीक होतो आणि नंतर भरून येतो. नऊ महिन्यांच्या बाळाचे तीन महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा एक तृतीयांश भाग.

आमच्या घरात अन्नाची टंचाई आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना जगभर आठ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरते. तीच स्वतःला विचारून पाहा. गेल्या १२ महिन्यांत पैशांअभावी किंवा इतर साधनांअभावी असं झालं का: अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली, सकस अन्न खाता आलं नाही, मोजकेच पदार्थ आलटून पालटून खावे लागले, एखादं जेवण चुकवावं लागलं, गरजेपेक्षा कमी खाल्लं, घरातलं अन्न संपलं, भूक असूनही खाल्लं नाही, अख्खा दिवस उपाशी काढला.

साधारणपणे हे प्रश्न जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत जातात. पहिल्या तीन पायऱ्यांवर असलेलं घर स्वतःला ‘टंचाईचं’ म्हणवून घेत नाही, कारण उपाशी कोणीच झोपत नाही. पण दोन वर्षांखालच्या मुलाचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच सुरू होतं. शेवटच्या दोन पायऱ्यांवर असाल तर खाली दिलेलं काटकसरीचं नियोजन पुरणार नाही. तुमच्या भागात जी शासकीय किंवा सामाजिक मदत मिळत असेल, ती मागा आणि त्यात संकोच करू नका.

सगळा भर पहिल्या दोन वर्षांवरच का?

वाढीचा वेग पाहिला की उत्तर मिळतं. जन्मताना बाळ सुमारे ५० सेंटीमीटर असतं. पहिल्या वर्षात ते साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात सुमारे १२. वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला जवळपास तिप्पट होतं. हा वेग पुन्हा कधीच येत नाही, अगदी वयात येतानाही नाही. घाईचं बांधकाम सुरू असताना विटा आल्या नाहीत तर काम तिथेच अडतं आणि गवंडी पुढच्या मजल्यासाठी थांबून राहत नाही.

गर्भारपणाचे नऊ महिने धरले तर हे साधारण १,००० दिवस होतात. याचा सर्वांत बोलका पुरावा ग्वाटेमालातला. तिथल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात मुलांना पूरक पेय दिलं गेलं. दोन खेड्यांत ते प्रथिनं आणि ऊर्जा असलेलं होतं, दोन खेड्यांत प्रथिनं नसलेलं आणि कमी ऊर्जेचं. ती मुलं मोठी झाल्यावर पाहिलं, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत सकस पेय मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई सरासरी ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. तीन वर्षांनंतर ज्यांना ते मिळालं, त्यांच्यात हा फायदा दिसला नाही. म्हणजे उत्पन्नाचा वाढीवर परिणाम होतो तसा वाढीचा पुढच्या पिढीच्या उत्पन्नावरही होतो.

खुजेपणा, रोडपणा आणि कमी वजन यांत फरक काय?

वयाच्या मानाने उंची कमी असेल तर खुजेपणा. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर रोडपणा. वयाच्या मानाने वजन कमी असेल तर कमी वजन, आणि त्यात आधीचे दोन्ही मिसळलेले असू शकतात. मानकाच्या मध्यकापासून (निरोगी मुलांच्या मोजमापांतला बरोबर मधला आकडा) उणे २ प्रमाण विचलनाच्या (मध्यकापासून किती दूर, हे मोजण्याचं एकक) खाली गेलं की मध्यम, उणे ३ च्या खाली गेलं की तीव्र.

थोडक्यात, वजन अलीकडच्या आठवड्यांचा हिशेब सांगतं आणि उंची आतापर्यंतच्या सगळ्या आयुष्याचा. म्हणून उत्पन्नातला अचानक खड्डा रोडपणात दिसतो आणि वर्षानुवर्षांची ओढाताण खुजेपणात. खुजं मूल अनेकदा गुटगुटीत आणि प्रमाणबद्ध दिसतं, फक्त वयापेक्षा लहान वाटतं. मोजल्याशिवाय ते कोणाच्याच लक्षात येत नाही. २०२२ साली जगात पाच वर्षांखालची सुमारे १४ कोटी ८० लाख मुलं खुजी होती आणि सुमारे साडेचार कोटी रोड. एकच मूल दोन्ही असू शकतं, आणि अशा मुलाला धोका सर्वांत जास्त.

तुलनेसाठी काही आकडे: एक वर्षाच्या मुलाची मध्यक लांबी ७५.७ सेंटीमीटर आणि मुलीची ७४.०. उणे २ ची रेषा अनुक्रमे ७१.० आणि ६८.९ वर येते. वजनाचे मध्यक ९.६ आणि ८.९ किलो, उणे २ च्या रेषा ७.७ आणि ७.० किलो.

आमच्या घराण्यात सगळेच बुटके आहेत. मग काळजी कशाला?

हा युक्तिवाद पूर्ण चुकीचा नाही, पण लहान वयाला तो फारसा लागू पडत नाही. २००६ ची मानकं बनवताना ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली, चांगला आहार, स्तनपान आणि आरोग्यसेवा मिळणारी सुमारे ८,५०० मुलं मोजली गेली. पहिल्या पाच वर्षांत त्यांची वाढ जवळजवळ सारखीच निघाली. म्हणजे लहानपणी वंशापेक्षा परिस्थिती जास्त बोलते.

निरोगी समाजातही साधारण २ टक्के मुलं उणे २ च्या खाली असतातच. म्हणून एका मोजणीवरून निष्कर्ष काढू नका, रेषेची दिशा पाहा. मूल सुरुवातीपासून खालच्या पण समांतर रेषेने वर चढत असेल तर ती त्याची ठेवण असू शकते. आधी वरच्या रेषेवर होतं आणि सहाव्या महिन्यानंतर घसरत गेलं, तर घराण्याला दोष देऊ नका. आणि आईवडील स्वतः बालपणी अर्धपोटी वाढले असतील, तर त्यांची उंची हा घराण्याचा गुण म्हणायचा की त्यांच्या बालपणाचा हिशेब, हेही विचारून पाहा.

घरी किंवा केंद्रात मोजताना काय चुकतं?

बरंच काही. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची, दोन वर्षांनंतर उंची उभं करून. एकच मूल झोपवून मोजलं तर साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त भरतं. त्यामुळे पद्धत बदलली की मूल ‘आखूड झालं’ असं वाटतं. लांबी मोजायला दोन माणसं लागतात. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करून तळवे फळीला लावायचे. एकट्याने टेपने मोजलं तर दीड-दोन सेंटीमीटरची चूक सहज होते, आणि एक वर्षाच्या मुलात एक सेंटीमीटर म्हणजे जवळपास ०.४ प्रमाण विचलन.

याच कारणाने लांबी दर महिन्याला मोजू नका. दुसऱ्या वर्षात महिन्याची वाढ सुमारे एक सेंटीमीटर आणि मोजण्याची चूक अर्धा सेंटीमीटर, मग हाती काय लागणार? तीन महिन्यांनी मोजा. वजन मात्र महिन्याला घ्या, किमान १०० ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर, शक्यतो त्याच काट्यावर आणि कमीत कमी कपड्यांत. पहिल्या तीन महिन्यांत बाळ महिन्याला साधारण ९०० ग्रॅम ते एक किलो वाढतं, पुढचे तीन महिने सुमारे ५००, सहा ते बारा महिन्यांत २५० ते ३००, दुसऱ्या वर्षात सुमारे २०० ग्रॅम. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरा, नाहीतर चांगलं वाढणारं बाळही तक्त्यावर मागे दिसेल.

वजनकाटा नसेल तर दंडघेर हा सर्वांत स्वस्त उपाय. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलासाठी डावा दंड सैल सोडून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर पट्टी लावा. ती दंडाला टेकली पाहिजे, पण कातडी दबता कामा नये. १२५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ठीक. ११५ ते १२४ म्हणजे मध्यम कुपोषण. ११५ च्या खाली तीव्र.

लहान मुलाला लागतं तरी किती? त्याला कसले पैसे लागतात?

प्रमाण ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. आईचं दूध नेहमीइतकं मिळत असेल, तर वरच्या अन्नातून लागणारी ऊर्जा अशी: ६ ते ८ महिन्यांत रोज सुमारे २०० किलोकॅलरी, ९ ते ११ महिन्यांत ३००, १२ ते २३ महिन्यांत ५५०. शेवटच्या गटासाठी हिशेब मांडा: १०० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि १० ग्रॅम तेल यांतून साधारण ५४० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे महिन्याला ३ किलो धान्य, ९०० ग्रॅम डाळ आणि ३०० ग्रॅम तेल. मोठ्या माणसाच्या तुलनेत हे काहीच नाही. आईचं दूध नसेल तर या वयात रोज एकूण सुमारे ९०० किलोकॅलरी लागतात आणि त्यात दुधाचा वाटा ठेवावा लागतो.

अडचण पुढे आहे. या पायावर ऊर्जा भागते, पण लोह, जस्त, कॅल्शियम आणि ब१२ भागत नाही. प्राणिजन्य अन्न, भाज्या आणि फळं यांना धान्यापेक्षा जास्त पैसे लागतात आणि ती टिकत नाहीत, म्हणून थोडी थोडी, वारंवार आणावी लागतात. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दिवसातून किमान दोनदा आणि ९ ते २३ महिन्यांच्या मुलाला किमान तीनदा भरवायचं, तर प्रत्येक वेळी ताजं शिजवायला इंधन लागतं, आणि भरवायला माणूस. दिवसभर मजुरी करणाऱ्या आईकडे तीन वेळा शांतपणे भरवायला वेळ नसतो, मग सकाळचं अन्न संध्याकाळपर्यंत ठेवून थोरल्या भावंडाच्या हाती दिलं जातं. खोलीच्या तापमानात दोन तासांहून जास्त राहिलेल्या अन्नात जंतू वाढू लागतात. त्यामुळे मुलाची वाढ धान्याच्या भावापेक्षा पालकाच्या वेळेच्या भावाने जास्त अडते, आणि हा खर्च कुठल्याच किराणा यादीत लिहिलेला नसतो.

पातळ पेज दिली तर बिघडतं कुठे? बाळ आवडीने पितं.

पोट लहान, पेज मोठी. मुलाच्या जठरात एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावतं. १० किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त ३०० ग्रॅम. पातळ पेजेच्या एका ग्रॅममध्ये ०.४ किलोकॅलरी असेल, तर गळ्यापर्यंत पाजूनही १२० मिळाल्या. तीन वेळा मिळून ३६०, आणि गरज ५५० ची. तीच पेज घट्ट करून ग्रॅमला एक किलोकॅलरीपर्यंत आणली, तर निम्मं पोट भरलं तरी दिवसात ४५० मिळतात आणि आईच्या दुधाला जागा राहते.

घट्टपणाची खूण साधी आहे: चमचा तिरका केला की अन्न घरंगळत वाहू नये, हळूच खाली यावं. एक चहाचा चमचा तेल किंवा तूप म्हणजे सुमारे ४० किलोकॅलरी. प्रत्येक जेवणात तेवढं घालणं परवडतं. मात्र तेलावरच सगळी मदार ठेवू नका, त्यात प्रथिनं आणि लोह नसतं. घट्ट अन्न बाळाला गिळवत नसेल तर पाणी ओतण्याऐवजी मोड आणून वाळवलेल्या धान्याचं चिमूटभर पीठ गरम पेजेत ढवळा. त्यातल्या विकरांमुळे पेज काही मिनिटांत सैल होते आणि ऊर्जा तेवढीच राहते. नंतर एक उकळी द्या, कारण मोड आणताना जंतूही वाढलेले असतात.

पैसे मोजकेच आहेत. आधी कशावर खर्च करावा?

आमचा क्रम असा आहे. सर्वांत आधी दूध पाजणाऱ्या आईचं जेवण. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. हे बाळासाठीचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पूर्ण अन्न, पण फुकटचं नाही: दूध तयार व्हायला आईच्या शरीराला रोज साधारण ५०० किलोकॅलरी जास्त लागतात. आईच्या ताटात काटकसर करून बाळासाठी दुधाच्या पावडरचा डबा विकत आणणं हा दुहेरी तोटा.

सहा महिन्यांनंतर क्रमांक लोहाचा. जन्मताना मिळालेला साठा साधारण सहा महिन्यांत संपतो आणि आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं. ६ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज सुमारे ११ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली जाते, एवढंसं पोट पाहता हा आकडा प्रचंड आहे. नुसत्या भाजीने तो गाठता येत नाही. मांस, मासे, अंडी थोड्या प्रमाणात पण नियमित द्या. खात नसाल तर डाळी-कडधान्यांबरोबर क जीवनसत्त्व असलेलं फळ किंवा लिंबाचा रस द्या, म्हणजे लोह जास्त शोषलं जातं. लोहाचे थेंब किंवा सूक्ष्मपोषकांची पूड सरकारी दवाखान्यात मिळत असेल तर ती वापरा. लहान मुलाला चहा देऊ नका, त्याने लोह अडतं. (जन्मानंतर नाळ किमान एक मिनिट थांबून कापली तर बाळाला आईकडून जास्त लोह मिळतं. एक पैसा न लागणारा हा उपाय आहे, प्रसूतीआधी विचारून ठेवा.)

त्यानंतर विविधता. ६ ते २३ महिन्यांच्या मुलासाठी आठ गट मोजले जातात: आईचं दूध, धान्य व कंद, डाळी-कडधान्ये-सुकामेवा, दूध व दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्वाने समृद्ध फळं-भाज्या आणि इतर फळं-भाज्या. दिवसात किमान पाच गट यावेत. एक अंडं घेतलं तर सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि ती या वयाच्या रोजच्या गरजेच्या जवळपास निम्मी असतात. घरात एकच अंडं असेल तर ते कोणाच्या ताटात जातं, हे पाहा. पोषणाच्या हिशेबाने ते दीड वर्षाच्या मुलाचं आहे.

ज्यांच्यावर खर्च करू नये अशा गोष्टी: ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पुड्या, फळांचे डबाबंद रस, बिस्किटं. धान्य-डाळ-तेलाचं साधं घट्ट अन्न त्यांच्यापुढे उजवं ठरतं.

डब्याचं दूध पुरवण्यासाठी थोडं जास्त पाणी घातलं तर चालतं का?

अजिबात नाही. पाणी वाढवलं की ऊर्जा आणि प्रथिनं कमी होतात, इतकंच नाही तर लहान बाळाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊन झटके येऊ शकतात. डब्यावरचं प्रमाण चमच्याने सपाट मोजून पाळा. परवडत नसेल तर ते आरोग्यसेविकेला स्पष्ट सांगा. पातळ दूध देणं बहुतेक वेळा लाजेपोटी लपवलं जातं आणि वजन का वाढत नाही याचा शोध भलतीकडेच लागतो. एक वर्षाआधी मधही देऊ नका.

आमचं उत्पन्न बरं आहे, तरी मूल मागे का?

उत्पन्न आणि वाढ यांच्यात तार आहे, पण ती सरळ नाही. ३६ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांच्या आकडेवारीचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की देशाचं दरडोई उत्पन्न वाढल्याने मुलांचं कुपोषण फारच थोडं कमी होतं. घराच्या पातळीवर मधे तीन गाळण्या बसतात.

पहिली, पैसा कोणाच्या हातात आहे. दक्षिण आफ्रिकेत वृद्धांचं निवृत्तिवेतन वाढल्यावर ते आजीला मिळत असलेल्या घरातल्या मुलींची वाढ सुधारली. आजोबांना मिळत असलेल्या घरांत तसं झालं नाही. दुसरी, पैसा किती नियमित येतो. वर्षाचा आकडा पुरेसा असूनही तो हंगामात एकदम येत असेल, तर हातात आला तेव्हा मुलासाठी महिनाभराची वर दिलेली कोरडी शिदोरी वेगळी बांधून ठेवा. घरच्या सामाईक डब्यातून ती आधी संपते. तिसरी गाळणी म्हणजे आजारपण.

स्वच्छता नसली तरी चांगलं खाऊ घातलं तर मूल वाढेल ना?

जुलाब झाले की भूक मरते, शोषण बिघडतं आणि शरीर लढण्यात पोषण खर्च करतं. सतत घाण पोटात जात राहिली तर जुलाब न होताही आतड्याचं आतलं अस्तर सुजून राहतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही.

म्हणून नुसते संडास आणि हात धुण्याच्या सोयी दिल्या की उंची वाढेल, अशी अपेक्षा होती. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांत तसं घडलं नाही: पोषण दिलेल्या गटांत उंची थोडी सुधारली, फक्त स्वच्छतेने नाही. याचा अर्थ स्वच्छता निरुपयोगी असा काढू नका. संपूर्ण वस्तीतली घाण दोन-चार घरगुती सोयींनी हटत नाही, एवढाच तो अर्थ आहे. घरी करण्यासारखं मात्र आहे: जुलाब झाल्यास ओआरएस आणि १० ते १४ दिवस जस्ताची गोळी (सहा महिन्यांनंतर रोज २० मिलिग्रॅम, त्याआधी १०), खाणं बंद न करता चालू ठेवणं आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

टंचाईच्या घरातलं मूल जाड कसं होतं?

कारण एका पैशात सर्वांत जास्त ऊर्जा साखर, मैदा आणि तेलात मिळते. पुढच्या आठवड्याची खात्री नसली की आज आहे तोवर भरवून घ्यावं असंही वाटतं, आणि ते समजण्यासारखं आहे. असं मूल जाड, खुजं आणि रक्ताने कमी, तिन्ही एकदम असू शकतं. खुजं मूल दोन वर्षांनंतर भराभर वजन वाढवू लागलं की घरचे खूश होतात. उंची तशीच राहून वजनच चढत असेल तर ती चरबी आहे.

मदत रोख असावी की धान्यरूपात?

जिथे बाजारात अन्न मिळतं तिथे रोख रक्कम बरी, कारण घर स्वतःच्या गरजेप्रमाणे डाळ, अंडं किंवा औषध घेऊ शकतं. महागाई उसळली किंवा बाजारच रिकामा असला, तर धान्य हाताशी असलेलं बरं. पण दोन्हींच्या बाबतीत एकच अट आढळते. बांगलादेशात २०१२ ते २०१४ दरम्यान झालेल्या प्रयोगात नुसत्या रोख रकमेने खुजेपणा लक्षणीय घटला नाही. रोख रकमेसोबत आहाराविषयी नियमित मार्गदर्शन दिलं, तेव्हा तो सुमारे ७ टक्के-अंकांनी घटला. उलट बाजूने, पैसे नसलेल्या आईला रोज पाच गट खाऊ घाला असं सांगणं म्हणजे तिची थट्टाच.

झालेलं नुकसान भरून निघतं का?

वजन बऱ्यापैकी लवकर भरून येतं. उंचीचं थोडंफार भरतं, विशेषतः दोन वर्षांच्या आत परिस्थिती बदलली तर. नंतर ते अवघड होत जातं. पण तीन वर्षांच्या खुज्या मुलाला ‘आता उशीर झाला’ म्हणून सोडून देऊ नका. रक्तातलं लोह, आजाराशी लढण्याची ताकद, बोलणं-खेळणं-शिकणं या सगळ्यावर आहाराचा आणि मुलाशी बोलण्या-खेळण्याचा उपयोग होतो. फक्त उंची वाढत नाही म्हणून सक्तीने भरवू नका, त्याने वजन वाढतं आणि जेवणाची धास्ती बसते.

दवाखान्यात ताबडतोब कधी न्यायचं?

दंडघेर ११५ मिलिमीटरच्या खाली, दोन्ही पावलांवर सूज, म्हणजे अंगठ्याने तीन सेकंद दाबून सोडल्यावर खड्डा राहणं, खायला-प्यायला नकार, सतत उलट्या, सुस्ती किंवा झटके, अंग थंड पडणं. सूज असलेलं मूल वजनात चांगलं भरतं, म्हणून काटा इथे फसवतो.

तीव्र कुपोषित मुलाला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. उपाशी शरीराला अचानक जास्त अन्न मिळालं की रक्तातल्या क्षारांचा तोल जाऊन हृदयावर ताण येतो. म्हणूनच रुग्णालयात आधी कमी ऊर्जेचं, १०० मिलिलिटरला ७५ किलोकॅलरीचं उपचारी दूध थोडं थोडं देतात आणि नंतरच वाढवतात. गुंतागुंत नसेल आणि मूल भूक-चाचणीत नीट खात असेल, तर घरी राहून तयार उपचारी आहार देता येतो. हा आहार त्या मुलाचं औषध आहे, भावंडांत वाटला तर त्याचं वजन वाढणार नाही. म्हणून घरात दुसरं मूलही उपाशी असेल तर ते तिथेच सांगा, म्हणजे त्याच्यासाठी वेगळं काही करता येईल.

उत्पन्न अचानक थांबलं. पहिल्या आठवड्यात काय करायचं?

पहिल्याच दिवशी मुलाचं वजन आणि दंडघेर मोजून तारखेसह लिहून ठेवा. नंतर घसरण झाली की नाही हे त्यावरूनच कळेल. घरातल्या साठ्यातून मुलाचं महिन्याचं धान्य, डाळ आणि तेल वेगळं काढा. अंगावर पाजत असाल तर पाजणं चालू ठेवा. काळजीने दूध आटतं या समजुतीने डबा सुरू करू नका, वारंवार पाजल्याने दूध टिकतं. आईचं एकही जेवण कापू नका. कापायचंच असेल तर आधी विकतचे खाऊ, मग मोठ्यांचे महागडे पदार्थ, आणि मुलाचं अंडं किंवा दूध सर्वांत शेवटी. लस आणि जंताच्या गोळीची तारीख चुकवू नका. आजारपणासाठी थोडी रोकड आणि ओआरएसची दोन पाकिटं बाजूला ठेवा. मदतीसाठी अर्ज करायचा असेल तर तो याच आठवड्यात करा, कारण कागदपत्रांना वेळ लागतो. त्यानंतर दर दोन आठवड्यांनी वजन घ्या. सलग दोन वेळा ते वाढलं नाही, तर दंडघेर ठीक असला तरी आरोग्यसेविकेला दाखवा.